रबर नवं, तरी काच धूसर

मे संपत आला की स्पेअर पार्टच्या दुकानांत वायपरची ब्लेडं खपू लागतात. वर्षभर उन्हात भाजून कडक झालेलं रबर पावसाआधी बदलायचं, हे आता गाडी चालवणाऱ्या बहुतेकांना ठाऊक आहे. नवी ब्लेडं बसतात, वळवाची पहिली सर येते, आणि तरीही चालकाच्या अगदी डोळ्यांसमोर पाण्याचा एक पट्टा तसाच राहतो. कधी वायपर वर जाताना गप्प असतो आणि खाली येताना थडथडतो. मग लोक ब्लेड परत करायला जातात, दुसऱ्या कंपनीचं महागडं ब्लेड आणतात, काच कशाकशाने घासून काढतात. ज्या दांड्याच्या टोकाला ते ब्लेड अडकवलेलं असतं, त्या आर्मकडे कोणी बघत नाही. गाडी भंगारात जाईपर्यंत तो टिकणारच, असं आपण धरून चाललेले असतो.

काच पुसायला रबराला तीन गोष्टी लागतात: सारखा दाब, योग्य कोन आणि न घसरणारी पकड. तिन्ही आर्मकडून येतात. म्हणून जुन्या गाडीचा वायपर नीट पुसेना, तर आधी आर्म तपासावा आणि मग ब्लेडवर पैसे घालावेत, असं माझं ठाम मत आहे.

दाबाची ही गरज वायपरच्या जन्मापासूनची आहे. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅम शहरात राहणाऱ्या मेरी अँडरसन हिवाळ्यात न्यूयॉर्कला गेल्या होत्या. तिथे ट्रामच्या चालकाला बाहेरचं दिसावं म्हणून थंडी-बर्फात काच उघडी ठेवावी लागते, हे त्यांनी पाहिलं. त्यांनी आराखडा तयार केला आणि १० नोव्हेंबर १९०३ रोजी त्यांना ७,४३,८०१ क्रमांकाचं पेटंट मिळालं. आतून दांडा हलवला की बाहेर रबराची पट्टी लावलेला हात काचेवरून फिरे. पट्टी काचेला टेकून राहावी म्हणून त्यात वजनाची योजना होती, आणि पावसाळी हवा नसेल तेव्हा तो हात काढून ठेवता येई. आर्म काढता-घालता आला पाहिजे, हा विचारसुद्धा त्या पहिल्या आराखड्यात होता. पुढे १९०५ साली कॅनडातल्या एका कंपनीने या पेटंटला व्यापारी मोल नाही म्हणून ते घ्यायचं नाकारलं. वायपर सगळ्या गाड्यांवर दिसू लागेपर्यंत पेटंटची मुदत संपून गेली होती. अँडरसन यांच्या हाती काही आलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

त्यानंतरचा वायपरचा इतिहास बहुतेक मोटरचा आणि विजेचा आहे. रॉबर्ट कर्न्स यांनी थांबून थांबून चालणारा वायपर घडवला, १९६७ साली त्याचं पेटंट मिळवलं आणि पुढे मोठ्या मोटार कंपन्यांशी वर्षानुवर्षं कोर्टात झुंज दिली. त्यांच्या कल्पनेचा एक फायदा क्वचितच सांगितला जातो. भुरभुर पावसात वायपर सलग चालला, तर दोन फेऱ्यांच्या मध्ये काच कोरडी पडते. कोरड्या काचेवर रबराचं घर्षण ओल्या काचेच्या कितीतरी पट असतं, आणि तो सगळा ओढा आर्मच्या बुडाशी येतो. मध्ये थांबणारा वायपर हा ताण वाचवतो.

हा ताण किती वेळा येतो ते पाहू. अमेरिकी मानकाप्रमाणे वायपरचा जलद वेग मिनिटाला किमान ४५ फेऱ्यांचा असावा लागतो. मुंबईहून कोल्हापूरकडे निघालात आणि वाटेत चार तास पाऊस लागला, तर ४५ च्या हिशेबाने १०,८०० फेऱ्या होतात. एका फेरीत आर्म दोनदा उलटा फिरतो. म्हणजे एका प्रवासात त्याच्या बुडाला २१,६०० हिसके बसतात.

हे हिसके झेलणारा जोड बोटाच्या पेराएवढा असतो. काचेच्या बुडाशी प्लास्टिकची जाळी असते, तिच्याखाली मोटर आणि लिंकेजच्या पट्ट्या असतात. मोटर गोल फिरते, लिंकेज त्या फिरण्याचं पुढे-मागे होण्यात रूपांतर करतं आणि ते जाळीतून वर आलेल्या पोलादी स्पिंडलपर्यंत पोचवतं. स्पिंडलचं टोक वरच्या बाजूला निमुळतं होत जातं. त्या निमुळत्या भागावर उभे, बारीक दाते असतात आणि त्याच्या वर नटासाठी आटे. आर्मचं बूड ॲल्युमिनियम किंवा जस्ताच्या ओतीव धातूचं, म्हणजे पोलादापेक्षा मऊ असतं. त्यातलं छिद्रही निमुळतं असतं. काही आर्मच्या छिद्रात जुळणारे दाते आधीच असतात. काहींचं छिद्र नितळ असतं आणि नट आवळला की पोलादी दाते त्या मऊ धातूत रुतून आपली जागा करतात. कुऱ्हाडीचं पातं दांड्यावर ठोकत न्यावं तसं घट्ट होत जातं, तसाच हा जोड नटाच्या दाबाने घट्ट होतो. ओढा दाते आणि निमुळता उतार पेलतात. नटाचं काम बुडाला त्या उतारावर दाबून धरण्याचं.

नट थोडा जरी सैल झाला, तरी बूड उतारावरून केसभर वर सरकतं आणि दाते अर्धेच अडकतात. मग प्रत्येक हिसक्याला पोलाद मऊ धातू तासत जातं. सुरुवातीला आर्म जरा उशिरा वळल्यासारखा वाटतो. पुढे तो थांबण्याच्या जागेवर नीट येत नाही आणि एखाद्या दिवशी ऐन पावसात काचेवर आडवा पडून राहतो. खाली मोटर फिरत असते, स्पिंडलही फिरत असतो, वर काही हलत नाही. यात एक समाधानाची गोष्ट आहे. झिजतो तो आर्म, स्पिंडल बहुधा शाबूत राहतो. आर्म एका नटावर बदलता येतो. स्पिंडल बदलायचा तर जाळी उचकटून अख्खं लिंकेज बाहेर काढावं लागतं.

नट सैल होण्याखेरीज आर्मचे इतर शत्रूही आहेत. टोरांटो किंवा मिनेसोटात राहणाऱ्या मराठी माणसांना हिवाळ्यातला प्रकार माहीत असतो: रात्री ब्लेड काचेला गोठून चिकटतं, सकाळच्या घाईत वायपर सुरू केला जातो, मोटर जोर लावते आणि दाते जातात. आपल्याकडे हाच प्रकार झाडाखाली उभ्या केलेल्या गाडीवर चीक आणि धुळीच्या थरामुळे होतो. काच पुसणाऱ्याने मध्ये येणारा आर्म हाताने बाजूला ढकलला, तरी मोटर आणि दाते यांची उगाच झटापट होते. आर्म काचेपासून वर उचलावा, आडवा कधी रेटू नये. मालवण, रत्नागिरी किंवा पणजीकडच्या गाड्यांवर खारी हवा वेगळंच करते. ॲल्युमिनियम आणि पोलाद ओलाव्यात एकमेकांना लागून राहिले की ॲल्युमिनियम गंजतं, पांढरी भुकटी धरतं आणि बूड स्पिंडलला जखडून बसतं. तिथे आर्मला काचेकडे दाबून धरणाऱ्या स्प्रिंगलाही गंज चढतो आणि तिचा जोर कमी होतो.

दुखणं कुठे आहे हे ओळखायला एक सोपी परीक्षा आहे. नटावरची टोपी काढा, काच ओली करा, वायपर सावकाश वेगावर लावा आणि आर्मकडे न बघता नटाकडे बघा. नट स्पिंडलबरोबर फिरतोय आणि आर्म मागे राहतोय, तर दाते गेले. नटही हलत नसेल, तर आर्म निर्दोष आहे. लिंकेजचा सांधा निखळला असेल किंवा मोटर बसली असेल, आणि मग काम गॅरेजचं आहे. काचेवर सगळीकडे धूसर पापुद्रा राहत असेल, तर स्प्रिंगचा संशय घ्या. ब्लेडच्या दर सेंटिमीटर लांबीला साधारण १५ ग्रॅमच्या आसपास दाब हवा असतो, म्हणजे ५५ सेंटिमीटरच्या ब्लेडला सव्वाआठशे ग्रॅम. विमानप्रवासाआधी बॅगा तोलायला वापरतात तो हुकाचा काटा इथे कामी येतो. आर्मच्या टोकाशी, ब्लेड जिथे अडकतं तिथे हुक लावून काचेपासून सरळ वर ओढा आणि ब्लेड काच सोडेल त्या क्षणाचा आकडा वाचा. आकडा फारच कमी आला, तर नवं रबर आणून उपयोग नाही.

एकाच दिशेला थडथड होत असेल, तर कोन बिघडलाय. रबराची ओठासारखी कड नेहमी चालीच्या मागे झुकून घसटत आली पाहिजे, आणि दिशा बदलली की तिने कूस बदलली पाहिजे. आर्म जरा पिळलेला असेल, तर एका दिशेला ती कड झुकायच्या ऐवजी ताठ उभी राहते आणि उड्या मारत जाते. जुने मिस्त्री दोन पकडी घेऊन आर्म किंचित पिळून सरळ करतात. पोलादी पट्टीच्या आर्मला हे चालतं, पण बुडाला तडा असेल किंवा बिजागरीच खिळखिळी झाली असेल, तर पिळण्यात वेळ घालवू नये.

नवा आर्म आणताना जुना दाखवूनच आणावा. उजवा आणि डावा आर्म सारखे दिसले, तरी लांबी आणि बाक वेगळे असतात. आपल्या गाड्यांचं स्टिअरिंग उजवीकडे असल्यामुळे काचेचा जास्तीत जास्त भाग चालकाच्या बाजूने पुसला जावा अशी आखणी असते. त्याच मॉडेलच्या युरोपातल्या गाडीचा आर्म म्हणूनच इथे बसेलच असं नाही. टाटा नॅनोला पुढच्या काचेवर एकच वायपर होता. अशा गाडीत आर्म घसरला की चालकाला दुसऱ्या बाजूचाही आधार उरत नाही. टोकाचा हुक कोणत्या घाटाचा आहे, हेही पाहून घ्यावं, नाहीतर आर्म बरोबर आणि ब्लेड बसत नाही अशी गत होते.

आता प्रत्यक्ष काम. आधी वायपर सुरू करून त्याच्या दांडीनेच बंद करा आणि तो आपणहून खाली जाऊन थांबेपर्यंत वाट बघा. मग किल्ली बंद करा. किल्ली आधी फिरवली, तर वायपर मध्येच थांबतो आणि सगळं माप चुकतं. पाऊस ओळखून आपोआप सुरू होणारा वायपर असेल, तर ती सोयही बंद ठेवा. ब्लेड जिथे टेकलंय तिथे काचेवर कागदी चिकटपट्टी लावून खूण करा. आर्म आधीच घसरलेला असेल, तर ही खूण खोटी ठरते. तेव्हा गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं काचेच्या खालच्या कडेपासूनचं अंतर धरा. काही काचांवर कंपनीने बारीक खुणा दिलेल्या असतात, त्या शोधा. काही गाड्यांत बुडावरचा नट बॉनेटच्या कडेखाली दडलेला असतो आणि बॉनेट उघडावं लागतं. उघड्या बॉनेटपुढे आर्म उभा करू नका, वायपर चालवू नका. दोन्ही एकमेकांवर आदळतात.

काचेवर जाड टॉवेल दुमडून ठेवा. ही पायरी कोणी गाळू नये, एवढी माझी विनंती आहे. ब्लेड काढलेला आर्म हातातून सुटला, तर स्प्रिंग त्याला थेट काचेवर आपटते, आणि उघड्या लोखंडी टोकाच्या एका फटक्याने पुढची काच तडकू शकते. काच बदलायच्या खर्चापुढे आर्मची किंमत काहीच नाही.

नटावरची प्लास्टिकची टोपी उन्हाने ठिसूळ झालेली असते. पातळ, बोथट पट्टीने अलगद उचला. नटाचा आकार गाडीगणिक बदलतो, म्हणून गोटी पान्यांचा संच जवळ ठेवा. पाना फिरवताना दुसऱ्या हाताने आर्म धरून ठेवा, म्हणजे जोर खाली लिंकेजवर जात नाही. नट सैल झाला तरी पूर्ण काढू नका. दोन-तीन आटे धरून ठेवा. त्यामुळे आट्यांची नासधूस होत नाही आणि आर्म अचानक सुटला तरी उडत नाही.

आता आर्म थोडा वर उचलून बूड हळूहळू डावी-उजवीकडे हलवा. नशीब असेल तर तो सुटतो. नाही सुटला, तर गंज सोडवणारं तेल सोडा आणि पंधरा-वीस मिनिटं त्याला मुरू द्या. या टप्प्यावर धीर सुटतो आणि लोक स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटतात, नाहीतर हातोडी घेतात. स्क्रू ड्रायव्हरचा टेकू जाळीवर किंवा काचेच्या कडेवर येतो, आणि दोन्हींना तो सोसत नाही. हातोडीचा ठोका स्पिंडलमधून, तो ज्यात फिरतो त्या खालच्या बुशावर आणि ओतीव ब्रॅकेटवर जातो. शेकड्यांतलं काम तिथून हजारांत जातं. यासाठी छोटा पुलर मिळतो: दोन पाय बुडाखाली अडकतात, मधला स्क्रू स्पिंडलच्या माथ्यावर टेकतो, आणि स्क्रू आवळत गेलं की बूड सरळ वर येतं. नट स्पिंडलच्या टोकाशी बरोबरीत ठेवला, तर आट्यांना इजा होत नाही. निमुळता जोड सुटतो तेव्हा ‘टक्’ असा आवाज येतो. ज्याच्याकडे पुलर नाही त्याने ओळखीच्या गॅरेजमधून तासाभरासाठी मागून आणावा. आग दाखवून सोडवायचा उपाय मात्र इथे करू नये. शेजारी काच आहे, रंग आहे, प्लास्टिक आहे.

आर्म निघाला की बहुतेक जण लगेच नवा चढवतात. मला या कामातली सगळ्यात मोलाची पाच मिनिटं इथली वाटतात. झिजलेल्या आर्मचा मऊ धातू पोलादी दात्यांच्या फटींत भरून बसलेला असतो. बोटाने चाचपलं तर दाते गुळगुळीत लागतात आणि स्पिंडलच गेला असं वाटतं. तारेचा ब्रश घ्या, फटींच्या दिशेने, म्हणजे खालून वर घासा. करडा भुगा निघत जातो आणि खालून धारदार दाते वर येतात. हा भुगा राहिला, तर नवं बूड उतारावर पुरतं बसत नाही, दाते पुन्हा अर्धेच धरतात आणि नवा आर्म एका पावसाळ्यात जातो. मघाशी सोडलेलं तेलही फडक्याने पुसून दाते कोरडे करा. याच वेळी स्पिंडल धरून हलवून बघा. तो फिरला पाहिजे, पण आजूबाजूला डुगडुगता कामा नये. डुगडुगत असेल, तर बुश झिजलेत आणि नव्या आर्मनेही काच थडथडणार.

नवा आर्म ब्लेडसह चिकटपट्टीच्या खुणेवर धरून बूड दात्यांवर दाबा. घाई करू नका. ब्लेडचं टोक स्पिंडलपासून ६० सेंटिमीटर दूर असेल, तर बुडाशी एका अंशाची चूक टोकाला सुमारे एक सेंटिमीटर होते. एक दाता मागे-पुढे झाला की ब्लेड बॉनेटला नाहीतर काचेच्या खांबाला लागू शकतं. जागा पटली की नट हाताने फिरवा आणि मग आर्म धरून आवळा. किती आवळायचा हे पुस्तिकेत दिलेलं असतं. बऱ्याच छोट्या गाड्यांत ते २० न्यूटन-मीटरच्या आसपास असतं, म्हणजे वीतभर लांबीच्या पान्याच्या टोकाला दहा किलोचा जोर. लांब दांड्याने अंगाचा भार टाकून आवळलं, तर आटे मरतात नाहीतर ओतीव बूड चिरतं. हलक्या हाताने सोडून दिलं, तर नवे दाते पहिल्याच मोठ्या सरीत तासले जातात.

चाचणी ओल्या काचेवर, आधी सावकाश वेगाने घ्या. दोन्ही टोकांना ब्लेड कुठे थांबतं ते बघा, दोन्ही वायपर मध्ये एकमेकांवर चढत नाहीत ना ते बघा. मग जलद वेग लावा. जलद वेगात आर्मचं वजन त्याला थोडं पुढे फेकतं, त्यामुळे सावकाश चालीत खांबापासून बोटभर अंतर राहत असेल, तरच ते पुरेसं समजा. एखादा पाऊस होऊन गेल्यावर नट पुन्हा एकदा तपासा. मऊ धातू दात्यांवर बसत जातो तसा थोडासा ताण निघून जातो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये वायपर चालू आणि कार्यक्षम असण्याची अट आहे, पण नट आवळलाय का हे कोणी तपासणीस पाहत नाही. ते मालकालाच पाहावं लागतं.

आणि ताम्हिणीत किंवा आंबोलीत, धो धो पावसात चालकाच्या बाजूचा आर्म घसरला तर? गाडी सुरक्षित जागी रस्त्याच्या कडेला घ्या, इशारा दिवे लावा, वायपर आणि किल्ली बंद करा. आधी नट आवळून बघा. अनेकदा थोडे दाते उरलेले असतात आणि तेवढ्यावर आर्म पुन्हा धरतो. तरीही घसरला, तर आर्म काढा, थंड पेयाच्या ॲल्युमिनियमच्या डब्यातून बोटाच्या पेराएवढी पट्टी कापा, ती स्पिंडलच्या दात्यांभोवती एकदाच गुंडाळा, वर आर्म दाबा आणि नट आवळा. पातळ पत्रा झिजलेल्या छिद्रातली पोकळी भरतो आणि दाते त्यात रुततात. वायपर सावकाश वेगावरच ठेवा आणि वस्तीचं गाव गाठेपर्यंतच त्यावर भरवसा ठेवा. नवा आर्म बसवताना त्या पत्र्याचे तुकडेही दात्यांमधून तारेच्या ब्रशने घासून काढावे लागतात.